घोटा, नडगी, गुडघा: सायकलचे ड्रॉप आणि जंप शिकताना

माझं मनगट मोडलं ते गुडघ्याएवढ्या बांधावर, ड्रॉप घेताना, म्हणजे कडेवरून सायकलसकट खाली उतरताना. सायकलवरून पडून हाड मोडलं म्हटलं की लोकांना वाटतं, गडी कुठल्यातरी कड्यावरून उडाला असणार. तसं काही नाही. कोल्हापूरजवळ, पन्हाळ्याच्या पलीकडे एका मित्राचं शेत, आम्ही सातजण, चार फोन चालू आणि मागून एकच घोष: "हाण की भावा, काय होत न्हाई!" मी घाबरलो होतो, म्हणून अगदी हळू गेलो. आणि हळू गेलो म्हणूनच पडलो.

नव्या माणसाला हे उलटं वाटेल, म्हणून आधी तेच सांगतो. माउंटन बाइकच्या दोन चाकांच्या आसांमधलं अंतर साधारण ११५ सेंटिमीटर असतं. पुढचं चाक कडेवरून सुटलं की मागचं चाक कडेपर्यंत येईस्तोवर पुढच्या चाकाखाली हवाच असते. चालायच्या वेगाने, म्हणजे ताशी ५ किलोमीटरने गेलात, तर ही अधांतरी अवस्था पाऊण सेकंदाहून जास्त टिकते. तेवढ्यात पुढचं चाक खाली जातं, मागचा भाग वर येतो आणि तुम्ही हँडलवरून पुढे. तोच बांध ताशी १२ ने घेतला तर हा वेळ सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यावर येतो, १५ ने घेतला तर पाव सेकंदाच्या जरा वर. तेवढा वेळ हात पुढे ढकलून चाक सावरून धरणं शिकता येतं. पाऊण सेकंद धरणं मला आजही जमत नाही.

मग काय, पहिल्याच दिवशी जोरात जायचं? नाही. वेग घ्यायची हिंमत लहान उंचीवर कमवायची आणि मगच उंची वाढवायची. आम्ही त्यासाठी टेप वापरत नाही, स्वतःचा पाय वापरतो. घोट्याएवढी, नडगीच्या मध्याएवढी, गुडघ्याएवढी. नव्या माणसाचा पहिला हंगाम गुडघ्यापाशी संपतो. त्याच्या वर जायचं असेल तर हा लेख पुरणार नाही, शिकवणारा माणूस शोधा.

सायकल आधी बघा

दुकानात ज्याला "एमटीबी" म्हणून विकतात ती प्रत्येक सायकल उडी मारायला केलेली नसते. जाड टायर आणि पुढे दोन शॉकअप दिसले म्हणून भुलू नका. सायकलीबरोबर आलेलं माहितीपुस्तक आपण कधी उघडत नाही, ते एकदा उघडा. बऱ्याच कंपन्या त्यात किंवा फ्रेमवरच्या स्टिकरवर एएसटीएमचा, म्हणजे मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेचा, वर्ग देतात. वर्ग २ ची सायकल कच्च्या रस्त्यासाठी, १५ सेंटिमीटरपर्यंतच्या ड्रॉपला. वर्ग ३ ची ६१ सेंटिमीटरपर्यंत, वर्ग ४ ची १२२ पर्यंत. गुडघा म्हणजे साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर, म्हणजे आपल्याला वर्ग ३ लागतो. पुस्तकात "उड्यांसाठी नाही" असं लिहिलं असेल तर विषय संपला. त्या सायकलीवर फार तर फुटपाथची कड उतरा, पुढचा सराव मित्राच्या सायकलीवर करा.

चांगली हार्डटेल, म्हणजे फक्त पुढेच शॉकअप असलेली सायकल, असली तरी निघण्याआधी पाच मिनिटं द्या. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. हँडलच्या मुळाशी खटखट लागली तर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, ढिला आहे. चाकं आडवी हलवून बघा, हँडलचे आणि स्टेमचे (हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याचे) बोल्ट ॲलन-कीने तपासा, स्पोकवरून बोट फिरवा, ढिला स्पोक वेगळा वाजतो. घाट चढताना शॉकअपला लॉक लावला असेल तर तो उघडा. हे हमखास विसरतं, आणि पहिल्याच ड्रॉपला मनगटात कळ गेल्यावर आठवतं.

टायर टिच्च भरून घ्यायची आपल्याकडे सवय आहे. डांबरावर ठीक, इथे तो चेंडूसारखा उसळतो. ७० किलोच्या माणसाला सव्वादोन इंची, ट्यूबच्या टायरात पुढे ३० आणि मागे ३२ ते ३५ पीएसआय पुरे. त्याहून फार कमी केलंत तर दगडावर आपटून ट्यूबला सापाने चावल्यासारखी दोन भोकं पडतात.

सीट खाली करा. पार खाली. वर राहिलेली सीट उतरताना पोटात किंवा नको तिथे लागते आणि माणसाला पुढे फेकते. पेडल सपाट, पिनांचे हवेत, पाय अडकवायचे नकोत. आणि ब्रेक कुठल्या हाताला कुठला ते पाठ पाहिजे. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, पण सगळ्यांना नाही. मित्राची सायकल घेतलीत तर बसण्याआधी दाबून बघा.

अंगावर काय? हेल्मेट, त्याच्या आत ईएन १०७८ (युरोपचं मानक) किंवा सीपीएससीचा (अमेरिकेचं मानक) शिक्का असलेलं, आणि हनुवटीखालचा पट्टा दोन बोटं जातील इतपत घट्ट. पूर्ण बोटांचे हातमोजे, गुडघ्याची पॅड. कोपराची असली तर उत्तम. बुटांचा तळ सपाट आणि चिवट हवा. कोल्हापुरी पायताण कितीही दणकट असलं तरी घरीच ठेवा, हा विनोद नाही, आमच्यातला एकजण घालून आला होता.

पहिला रविवार: पवित्रा

तालमीत नव्या पोराला पहिल्या दिवशी कुणी डाव शिकवत नाही. आधी उभं कसं राहायचं ते. सायकलवरही तेच आहे, म्हणून मी त्याला पवित्राच म्हणतो.

मोकळ्या मैदानात हळू सायकल चालवा आणि पेडल मारणं थांबवून उभे राहा. दोन्ही पेडल जमिनीला समांतर, जो पाय आपोआप पुढे येतो तो पुढे. टाचा किंचित खाली. गुडघे वाकलेले आणि जरा बाहेर. कंबरेतून वाका, छाती हँडलकडे, कुल्ले सीटच्या वर आणि थोडे मागे. कोपर बाहेरच्या बाजूला, दंड-बैठकातल्या दंडासारखे. ब्रेकवर दोन्ही हातांचं एकेक बोट, बाकीची मूठ हँडलवर. नजर चाकावर नाही, आठ-दहा मीटर पुढे. सगळं वजन पायांवर यायला हवं. हात इतके हलके की हँडलवरून क्षणभर सोडता यावेत.

आता त्याच पवित्र्यात हातापायांनी सायकल जमिनीत दाबा आणि सोडा. शॉकअप दबतो, परत येतो. दाबून सोडल्यावर पुढचं चाक आपोआप हलकं होतं, त्या क्षणी हात पुढे ढकला आणि कुल्ले मागे न्या. चाक चार बोटं उचललं तरी पुष्कळ. ओढून उचलू नका. हँडल ओढणारा माणूस पाठीने उचलतो आणि हवेत गेल्यावर वाकडा होतो. हे दाबणं आणि ढकलणं म्हणजेच पुढच्या सगळ्याचं बीज आहे, म्हणून एक अख्खी सकाळ यावर घालवा. कंटाळा येईल. येऊ दे.

त्याच दिवशी शेवटी एखाद्या शांत कॉलनीत पहाटे फुटपाथची कड उतरा. पंधरा-एक सेंटिमीटर असते, घोट्याच्या जरा वर. आधी चालीच्या वेगाने उतरून पुढचं चाक कसं धपकन पडतं ते अनुभवा, मग थोड्या वेगाने आणि हात ढकलून. दोन्ही चाकं एकदम टेकली की आवाज एकच येतो. दोन आवाज आले तर पुन्हा करा. बघणाऱ्या मित्राला डोळे मिटून नुसतं ऐकायला सांगा, फोनपेक्षा कान खरं सांगतात.

ड्रॉप

आता जागा. शेताचा बांध चांगला, पण बांध कुणाचा ते बघा. आपल्या भागात बांधावरून तीन-तीन पिढ्या कोर्टात गेलेल्या आहेत, तुमच्या टायरने ढासळलेलं ढेकूळ नवा दावा उभा करायला पुरेसं आहे. मालक ओळखीचा, परवानगी तोंडी पण स्पष्ट, आणि जाताना ढासळलेली कड फावड्याने पुन्हा बसवून जायचं. कळंब्याच्या पुढे कात्यायनीच्या अंगाला मुरमाड उतार आहेत, तिथेही हाच नियम.

किल्ल्यावर मात्र हे काही नको. पन्हाळ्याच्या पायऱ्या आणि बुरुजांच्या कडा दिसायला ड्रॉपसारख्याच दिसतात, मोह होतो. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे. ती यादी नसती तरी तिथे चाक घालणं शोभलं नसतं.

निवडलेल्या जागी आधी सायकल ठेवून चालत जा. कडेवर उभे राहा, खाली उतरा, वर बघा. उंची पायाला लावून मोजा. मग खाली कुठे टेकणार ते ठरवा. नडगीच्या मध्याएवढ्या, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या ड्रॉपला खाली यायला पाव सेकंद लागतो. ताशी १५ चा वेग असेल तर तेवढ्यात सायकल मीटरभर पुढे गेलेली असते. गुडघ्याएवढ्या उंचीला त्याच वेगात सव्वा मीटरच्या जरा पुढे. म्हणजे कडेच्या पायथ्याशी असलेला दगड तुम्हाला फारसा लागत नाही, दीड मीटरवरचा लागतो. कडेपासून तीन मीटरपर्यंतची पट्टी हाताने साफ करा. दिवाळीनंतर गवत वाळून आडवं पडतं आणि खालचा जांभा झाकतो, तेव्हा पायाने चाचपूनच बघा. त्यापुढे थांबायला किमान दहा मीटर मोकळं हवं, आणि तिथे विहीर, तारेचं कुंपण, म्हैस, फोन धरून बसलेला मित्र यांपैकी काही नको.

टेकायची जागा उताराची असेल तर ती सपाटीपेक्षा बरी. सपाटीवर सगळा धक्का अंगात येतो, उतारावर त्यातला बराच पुढच्या वेगात जातो. नवा माणूस उतार बघून घाबरतो आणि सपाट जागा निवडतो. मीही तेच केलं होतं.

आता प्रत्यक्ष. दहा-पंधरा मीटर मागून सरळ या. ताशी १२ ते १५, म्हणजे रमतगमत पळणाऱ्या माणसाच्या जरा पुढे. वेग कमी-जास्त करायचा तो आधी करा, शेवटच्या दोन मीटरांत ब्रेकला हात नाही. कडेवर ब्रेक दाबणं हा पडायचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. पवित्रा घ्या, पेडल समांतर. कडेच्या अर्धा मीटर अलीकडे गुडघे-कोपर थोडे दबवा. पुढचं चाक कड ओलांडतंय तोच हात पुढे ढकला, जणू समोरचं दार दोन्ही हातांनी उघडताय. कुल्ले किंचित मागे जातील, जाऊ देत. मागचं चाक सुटलं की अंग पुन्हा सायकलच्या मध्यावर आणि पाय सैल, जमीन वर येतेय तशी ती गुडघ्यांनी झेला. सपाटीवर दोन्ही चाकं एकत्र किंवा मागचं अगदी क्षणभर आधी. उतारावर सायकलचा कोन उताराच्या कोनाशी जुळवायचा, म्हणजे पुढचं चाक उताराकडे झुकू द्यायचं. टेकल्यावर लगेच पुढचा ब्रेक नको, आधी सायकल सरळ धावू द्या, मग दोन्ही ब्रेक हळू.

चुका ठरलेल्या आहेत. पहिली, कडेकडे बघणं. नजर जिथे, अंग तिथे. दुसरी, भीतीने पार मागे जाऊन सीटच्या मागे लोंबकळणं. जुने लोक "मागं जा, मागं जा" ओरडतात, त्यातून ही खोड लागते. इतकं मागे गेल्यावर हात ताठ होतात, ढकलायला काही उरत नाही, पुढच्या चाकावर वजन नसल्याने ते वळत नाही आणि मागचा टायर कुल्ल्याला घासतो. तिसरी, गुडघे ताठ. त्याचा धक्का थेट कंबरेत. चौथी माझी, वर सांगितलेली.

घोट्याच्या उंचीवर सलग पाच स्वच्छ झाले की नडगी. नडगीवर सलग पाच झाले की गुडघा. मध्ये एक चुकला की मोजणी पुन्हा एकपासून. हा नियम गटात आधीच ठरवून घ्या, नंतर कुणी ऐकत नाही. दोन रविवार लागले तर लागू देत, मला चार लागले, आणि मध्ये सहा आठवडे प्लास्टर.

जंप वेगळी कशी

ड्रॉपला तुम्ही कडेवरून खाली येता. जंपला चढाची कड तुम्हाला वर फेकते. या फेकण्याला अंगाने उत्तर दिलं नाही, मेल्यासारखं नुसतं बसून राहिलं, की मागचं चाक जास्त उसळतं आणि सायकल नाकावर येते. म्हणून ड्रॉप नीट येईपर्यंत जंपच्या वाटेला जाऊ नका.

सुरुवात टेबलटॉपवर. म्हणजे चढ, मग सपाट माथा, मग उतार. मधला भाग भरलेला, त्यामुळे कमी पडलात तरी माथ्यावरच टेकता. मध्ये खड्डा असलेली जंप पहिल्या वर्षी नको, कितीही छोटी दिसली तरी.

मित्राच्या रानात असा टेबलटॉप अर्ध्या दिवसात होतो. टिकाव, फावडं, दोन घमेली, धुमस आणि पाण्याचा कॅन. चढ दीड मीटर लांब आणि कडेशी ३५ सेंटिमीटर उंच, माथा मीटरभर, उतार चढापेक्षा लांब, दोन मीटर तरी. रुंदी एक मीटर ठेवा, अरुंद चढ मनात उगाच भीती घालतो. खाली मुरूम, वर तांबडी माती, पाणी शिंपडत थर थर ठोकायचा आणि एक रात्र वाळू द्यायची. कडेला बुटाची टाच रुतली तर अजून ठोका. अशा चढावरून ताशी १५ च्या वेगात सायकल साधारण मीटरभर जाते, म्हणजे उताराच्या सुरुवातीला टेकते.

पहिल्यांदा उडायचंच नाही. हळू चढून, माथ्यावरून, उतरून जा. पाच वेळा. मग जरा वेगाने, चाकं सुटली तर सुटू देत. चढावर चढताना पाय दबलेले, कडेला पोचताना पायांनी चढ खाली दाबत उभं होत जायचं, पायांखालची जमीन लोटल्यासारखं. पुढचं चाक सुटलं की हात सैल, सायकल आपल्याकडे वर येऊ द्या. हवेत हँडल वळवायचं नाही, ब्रेक दाबायचा नाही, नजर टेकायच्या उतारावर. वेग प्रत्येक खेपेला थोडाच वाढवा, म्हणजे दोन पेडल जास्त, बस्स. उतार ओलांडून सपाटीवर आदळायला लागलात तर वेग जास्त होतोय.

मित्रांना घेऊन जायचं तर

ईर्षा ही आपली जुनी खोड. फुटबॉल असो, कुस्ती असो, एका पेठेने केलं की दुसरीने करायलाच पाहिजे. मैदानात ती शोभते. सायकलीच्या ड्रॉपवर ती हाडं मोडते, कारण इथे समोर प्रतिस्पर्धी नाही, नुसती जमीन आहे. आमच्या गटात आता दोनच नियम पक्के आहेत. ज्याला करायचं नाही त्याने सायकल हातात धरून उतरायचं आणि त्यावर कुणी अवाक्षर काढायचं नाही. आणि पहिल्या तीन उड्यांना फोन खिशात. कॅमेरा लागला की माणूस आपल्या वकुबापेक्षा वीतभर जास्त हाणतो.

एकजण खाली, टेकायच्या पट्टीच्या बाजूला उभा. तो "मोकळं!" म्हणाल्याशिवाय वरचा निघणार नाही. एका वेळी एकच सायकल.

जायचं ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, त्यावर ब्रेक लागत नाही. कोल्हापूर शहरापासून पन्हाळा वीसेक किलोमीटर, शिवाजी पुलावरून केर्ली, वाघबीळ आणि मग घाट. नोव्हेंबरपासून त्याच रस्त्याने उसाच्या जोड ट्रॉल्या धावतात, त्यामुळे उजाडता उजाडता निघा, लाल दिवा मागे लावा, आणि परतीला अंधार होऊ देऊ नका. मसाई पठार सरावानंतरच्या मोकळ्या रपेटीला सुंदर आहे, पण मळलेली गाडीवाट सोडू नका. तिथली माती बोटभर जाड, तिच्यातच पावसाळ्यानंतरची सगळी फुलं. पठारावर खणणं, जंप बांधणं अजिबात नको. माणशी दोन लिटर पाणी. मिसळ नंतर खा, आधी नको. कट पिऊन उड्या मारल्या की काय होतं ते सांगत नाही. पन्हाळ्यावर झुणका-भाकर आणि दही आहेच.

पिशवीत पंप, दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, ॲलन-की, क्रेप बँडेज, जंतुनाशक, ओआरएस आणि एक मोठा पंचा. पंचा हात गळ्यात बांधायला. पडताना हात पुढे टेकायचा मोह आवरा, मनगट आणि गळ्याचं हाड त्यानेच जातं. सायकल सोडून द्या, हनुवटी छातीशी, खांद्यावरून गडगडा. हे गवतावर उकिडवं बसून आधी करून बघा. तालमीतला एखादा मित्र असेल तर त्याच्याकडून शिका, पण लक्षात ठेवा, त्याचा हौदा हळद, ताक आणि तेल घालून मऊ केलेला असतो, आपला मुरूम नाही.

कुणी डोक्यावर पडला तर त्याचा दिवस संपला, तो कितीही "बरा हाय" म्हणाला तरी. उलटी, गोंधळल्यासारखं बोलणं, झोप येणं, वाढती डोकेदुखी, यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना. मान दुखत असेल तर हलवू नका, हेल्मेट काढू नका, १०८ ला फोन करा. रेंज कुठे येते ते सराव सुरू करण्याआधीच बघून ठेवा.

घरी आल्यावर सायकल धुवा, पाण्याचा जोर चाकांच्या बेअरिंगवर मारू नका. मग उजेडात फ्रेमचे सगळे सांधे बघा, विशेषतः हँडलच्या मागे खालच्या नळीला. रंगात केसाएवढी चीर दिसली तर पुढच्या रविवारी ती सायकल न्यायची नाही, आधी मेकॅनिकला दाखवायची. चाक फिरवून रिम डोलतेय का बघा. आणि हेल्मेट आतून चाचपा. थर्माकोलसारखा भाग कुठे दबलेला, चिरलेला असेल किंवा त्या दिवशी ते जोरात आपटलं असेल, तर त्याचे दोन तुकडे करून कचऱ्यात टाका. अख्खं टाकलंत तर घरातलं कुणीतरी "चांगलं हाय की" म्हणून परत खुंटीला अडकवतं.